मोजणीचा सराव

चांदीप गावाहून वसई-विरारच्या एखाद्या ऑपरेशन थिएटरात शिकायला जाणाऱ्या मुलीला ऑटोक्लेव्हचं १२१ अंश तापमान पाठ असतं. पण इंडिकेटर टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या तरी गुंडाळीचं कापड ओलसर लागलं, तर तो संच बाजूला ठेवायचा, हे हाताला कळावं लागतं. त्यामुळे ओटी टेक्निशियनच्या अभ्यासक्रमात थिएटरातले तास नावापुरते उरकणं मला घातक वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली गेली. २००९ साली निष्कर्ष आले, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलेलं होतं. गॉज, सुया, अवजारांची मोजणी याच यादीत आहे. २०१४ मध्ये मात्र कॅनडातल्या ओंटारिओतल्या १०१ रुग्णालयांच्या पाहणीत तसा ठळक फरक दिसला नाही. यादी निरुपयोगी आहे, असा मी याचा अर्थ लावत नाही. सरावाशिवाय मारलेल्या खुणा नुसत्या खुणाच राहतात.

पेशंटच्या जिवावर शिकायचं का, हा आक्षेप रास्त आहे. ग्लोव्ह्ज चढवणं, ट्रॉली मांडणं पुतळ्याजवळ खुशाल शिकावं. थिएटरातही आधी नुसतं बघावं, मग अनुभवी माणसासोबत मोठ्यानं मोजावं. पण अचानक रक्तस्राव सुरू होतो, सर्जन बेत बदलतात, गॉज भराभर लागतात, तेव्हा आकडा न चुकवण्याची सवय पुतळा लावत नाही. आणि टाके घालायच्या वेळी एक गॉज कमी भरला, तर सगळ्यांत ज्युनिअर असूनही ‘सर, थांबा’ म्हणायचं असतं.