बुडालेल्या जहाजाच्या भेटीला

इजिप्तच्या किनाऱ्याजवळ, तांबड्या समुद्रात, 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बाँबहल्ल्यात बुडाले. सुमारे ३० मीटर खोलीवर, त्याच्या पोटात मोटारसायकली आणि ट्रक आजही आहेत. ते पाहण्यासाठी पाणबुडे बोटींतून जातात.

समुद्र खवळलेला असला म्हणजे नवशिक्याला भय वाटते ते तळाचे. खरी कसोटी मात्र वरच असते. लाटांचे हेलकावे खोल पाण्यात विरत जातात. परंतु प्रवाह तेथेही ओढतो. म्हणून जहाजाला बांधलेला दोर धरूनच उतरावयाचे. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर तो चौपट होतो आणि टाकीतील हवाही चौपट वेगाने सरते. वर येताना घाई केली, तर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. यास्तव ५ मीटरवर सुमारे ३ मिनिटे थांबावे लागते. शेवटी थकल्या हातांनी डोलणाऱ्या बोटीची शिडी पकडावयाची असते.

तेवढी हवा व तेवढे त्राण उरेल याची खात्री नसेल, तर बोटीतच बसून राहणे हा भित्रेपणा नव्हे. जहाज उद्याही तेथेच असेल.