आधी उलटायला शिका!

मुरूमकडच्या पोरांना पोहायला शिकवायची पद्धत ठरलेली. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काकानं नाहीतर मामानं विहिरीत ढकलायचं. नाकातोंडात पाणी गेलं की चार दिवसांत पोहणं आलंच. पण कयाकमध्ये बसायचं म्हणाल, तर हे विहिरीतलं शिक्षण अर्धंच कामाला येतं. कारण इथं पहिला धडा वल्हवायचा नसतो, उलटं व्हायचा असतो.

कयाक म्हणजे अरुंद, हलकी होडी. पाय पुढं पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मारायचं. उघड्या कयाकवर तुम्ही वरच बसता, ती उलटली तर आपोआप पाण्यात पडता. बंद कयाकचं तसं नाही. पाय आत, कमरेभोवती पाणी अडवणारा स्प्रे स्कर्ट. उलटली की तुम्ही डोकं खाली, पाय वर! अशा वेळी पुढं वाकायचं, स्कर्टची पुढची पट्टी ओढायची, दोन्ही हातांनी होडीच्या कडा दाबायच्या आणि पँट काढतो तसं होडीतून बाहेर निसटायचं. काम काही सेकंदांचंच, पण पहिल्यांदा ते सेकंद लई मोठे वाटतात. म्हणून हे प्रशिक्षक शेजारी उभा असतानाच, कमरेएवढ्या संथ पाण्यात करायचं. ही भीती एकदा गेली की पुढचं सोपं.

वल्हवायला घरीच सुरुवात करा. जमिनीवर पाय पसरून बसा, हातात काठी धरा. नुसते दंड ओढलेत तर दहा मिनिटांत खांदे भरून येतील. कमरेपासून वळा. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. होडी वळवायची असेल तर पात्यानं बाजूला मोठा अर्धगोल काढायचा.

शिकायचं कुठं? महाराष्ट्रात त्यासाठी रायगडातलं कोलाड प्रसिद्ध आहे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं, वीज करून कुंडलिकेत सुटतं. त्यामुळं तिथं उन्हाळ्यातही धार असते. (हे मूळचं भीमा खोऱ्यातलं पाणी, म्हणजे आपल्या उजनीकडं येणारं. असो, तो भांडणाचा विषय!) नवख्यानं मात्र तिथंही आधी संथ पाणीच निवडावं. आणि दुष्काळी भागातल्यांनी काय वल्हं मारायचं, असं कुणी म्हणालं तर चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळचं नाव सांगा. गावाकडं विहिरी खोदणारा हा गडी सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. रोइंगमध्ये पाठ पुढं करून बसतात, तो खेळ वेगळा. पण पाणी तेच.

आता घरच्या पाण्याबद्दल. पावसाळ्यात बेनितुरेला पाणी आलं की ट्यूब घेऊन बंधाऱ्याकडं पळणारे तुमच्यातही असतील. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून साधं दिसतं, पण पायथ्याशी ते गोल फिरतं आणि खाली गेलेल्याला पुन्हा भिंतीकडंच ओढतं. तिथं पट्टीचा पोहणाराही अडकतो, कयाकही अडकते. लाइफ जॅकेट असलं तरी त्या भिंतीपासून लांबच राहायचं. आणि जॅकेट घातल्यावर मित्राला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं, तर पट्टे अजून आवळा.