शांता आपटे : स्टुडिओयुगातील अभिनेत्री आणि श्रमाचे मोल

प्रस्तावना :
बोलपटाच्या पहिल्या दशकात अभिनेत्री ही बहुधा स्टुडिओची पगारी नोकर असे. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज या संस्था कलावंतांना मासिक वेतनावर करारबद्ध करीत. या व्यवस्थेत शांता आपटे यांनी आपल्या श्रमाचे मोल कसे मागितले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण :
सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे जन्मलेल्या शांताबाईंचे संगीतशिक्षण पंढरपूर येथे झाले. भालजी पेंढारकर यांच्या 'श्यामसुंदर' (१९३२) या चित्रपटातून त्यांनी रुपेरी पडद्यावर पदार्पण केले. पुढे प्रभातच्या 'अमृतमंथन' (१९३४) व 'अमरज्योती' (१९३६) या चित्रपटांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. पार्श्वगायन रूढ होण्यापूर्वीच्या त्या काळात नटीलाच गावे लागे. म्हणजेच अभिनय व गायन ही दोन्ही कामे एकाच वेतनात मोडत.

'कुंकू'मधील नीरा :
ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली 'कुंकू' हा चित्रपट मराठीत, तर 'दुनिया न माने' या नावाने हिंदीत निर्माण केला. फसवणुकीने वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला पती मानण्यास ठाम नकार देते. शांताबाईंनी ही भूमिका अजरामर केली.

स्टुडिओच्या दारातील उपोषण :
जुलै १९३९ मध्ये करारासंबंधीच्या वादातून शांताबाईंनी पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या दारातच उपोषण केले. गांधीयुगातील राजकीय लढ्याचे हे साधन त्यांनी नोकरीच्या प्रश्नासाठी वापरले, हे विशेष होय. त्यानंतर त्या प्रभातमधून बाहेर पडल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'जाऊ मी सिनेमात?' या पुस्तकात त्यांनी चित्रपटव्यवसायातील अर्थकारण व उच्चनीचता यांची परखड चर्चा केली. 'सावित्री' (१९४१) या तमिळ चित्रपटात त्यांनी सावित्रीची भूमिका केली. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. लाहोरच्या पांचोली संस्थेच्या 'जमीनदार' (१९४२) मध्येही त्यांनी काम केले.

समारोप :
२४ फेब्रुवारी १९६४ रोजी शांताबाईंचे निधन झाले. नीराचा नकार कथालेखकाने लिहिलेला होता. स्टुडिओच्या दारातील नकार मात्र त्यांचा स्वतःचा होता. त्यांचा लढा एकाकी होता, त्यामागे संघटनेचे बळ नव्हते. चाळीसच्या दशकात वेतनबद्ध स्टुडिओपद्धती ढासळली आणि कलावंत प्रत्येक चित्रपटासाठी स्वतंत्र करार करू लागले. म्हणूनच शांताबाईंचे स्थान केवळ गायिका-अभिनेत्री म्हणून नव्हे, तर श्रमाच्या हक्काविषयी जागरूक असलेली कलावंत म्हणूनही महत्त्वाचे ठरते.