संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

शाळेतला जुना संगणक सुरू व्हायला तीन-चार मिनिटे घेऊ लागला, की जाणकार सुचवतात, ‘हार्ड डिस्क काढा, एसएसडी बसवा.’ सल्ला योग्य आहे. पण त्या डिस्कवर मुलांचे गुण, हजेरी, वर्षानुवर्षे तयार केलेले पाठही असतात. ते न गमावता हे बिऱ्हाड कसे हलवायचे?

आधी वेगातला फरक समजून घेऊ. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेली चकती फिरत असते. मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते. संगणक सुरू होताना असे दहा हजार वेळा थांबावे लागले तर एकूण किती वेळ जाईल? हे गणित विद्यार्थ्यांना जरूर द्यावे. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. माहिती अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. त्यामुळे हे थांबणे जवळजवळ संपते.

मग सगळ्या फाइली एसएसडीवर कॉपी केल्या की झाले? नाही. असा संगणक बहुधा सुरूच होणार नाही. वीज मिळताच मुख्य पाटीवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला आपल्या फाइली ओळखता येत नाहीत. तो ठरलेल्या जागी पाहतो: जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत, नव्या पद्धतीत एका वेगळ्या लहान विभागात. तिथला प्रोग्राम पुढे ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो. हा भाग आपल्याला एरवी दिसत नाही, म्हणून कॉपी करताना तो मागेच राहतो. क्लोनिंगचे प्रोग्राम विभागांच्या रचनेसकट सगळे उतरवून घेतात.

यात सर्वांत मोठा धोका दिशेचा आहे. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते! म्हणून क्रम असा ठेवू:

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत तिसऱ्याच ठिकाणी ठेवावी. त्यातल्या काही उघडून पाहाव्यात.

२. वापरलेली जागा एसएसडीत मावते का, ते तपासावे.

३. दोन्ही डिस्कांची क्षमता आणि मॉडेल क्रमांक कागदावर लिहून, पडद्यावरच्या नावांशी ताडून मगच क्लोनिंग सुरू करावे.

४. काम झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि फक्त एसएसडीवर तो सुरू करून पाहावा. क्लोनमध्ये मूळ डिस्कचा ओळख-क्रमांकही उतरू शकतो. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर गोंधळ होतो.

५. जुनी डिस्क काही आठवडे तरी पुसू नये.

शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. हार्ड डिस्कवरची फाइल ‘डिलीट’ केली तरी बहुधा तिची नोंदच जाते. मजकूर काही काळ उरतो आणि पुष्कळदा परत मिळवता येतो. एसएसडीला मात्र ऑपरेटिंग सिस्टिम ‘ही जागा आता रिकामी’ असे कळवते, आणि ती पुढच्या लेखनासाठी ते कप्पे स्वतःच साफ करून ठेवते. मग मजकूर परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. वेग वाढला, तशी आपली दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारीही वाढली.