खेळण्यातल्या रणगाड्याचे दात

नरकचतुर्दशीची सकाळ. फराळाची ताटे अजून उचलायची होती, तोच शेजारचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. काखेत हातभर लांबीचा रणगाडा आणि चेहरा असा, की कोणी फटाके हिसकावून घेतले असावेत. "काका, मोटर फिरते, पण हा जागचा हलतच नाही!"

मी रणगाडा कानाशी धरला. मुलाने हातातल्या यंत्राची कांडी पुढे दाबली. आतून 'खर्रर्र' असा आवाज आला. अडकित्त्यात सुपारीऐवजी खडा सापडावा तसा. अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर, महादरवाजाच्या चढणीवर हे घडले होते. परवा भाऊबीज. रणगाडा परदेशाहून आणणारा मामा ओवाळून घ्यायला येणार आणि आल्याआल्या "चालवून दाखव रे" म्हणणार, हे ठरलेलेच.

खरा गुन्हेगार मीच होतो. त्या रणगाड्याचे मूळचे प्लॅस्टिकचे पट्टे वर्षभर बिनतक्रार चालले होते. "धातूचे पट्टे बसव, मग बघ कसा खऱ्यासारखा दिसतो," हा सल्ला माझा. पट्टे आले, मीच बसवले, रणगाडा दिमाखदार दिसू लागला. आणि महिन्याभरात त्याचे दात पडले.

हे दात कुठले, ते जरा उलगडून सांगतो. बिनतारी यंत्राने चालणारे हे रणगाडे बहुतेक खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचे असतात. जपानच्या तामियाचे महाग आणि देखणे, चीनच्या हेंग लाँगचे खिशाला बरे आणि म्हणून जास्त घरांत पोचलेले. आमचा नमुना जर्मन 'टायगर'चा. खरा टायगर तोफेच्या टोकापर्यंत साडेआठ मीटरच्या आतबाहेर, म्हणून नमुना 53 सेंटिमीटर. पण वजनाचा हिशेब सोळाने भागून होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सोळाव्या हिश्शाने घटतात, म्हणजे वजन 4096 ने भागायचे. खरा टायगर 57 टनांचा. त्या मापाने नमुना चौदा किलोंचा हवा. प्लॅस्टिकचा असल्याने तो तीन-चार किलोंत भागतो, आणि त्याची आतली यंत्रणा तेवढ्याच ओझ्याच्या हिशेबाने केलेली असते.

यंत्रणा म्हणजे दोन छोट्या मोटरी आणि दोन गिअरबॉक्स, डाव्या पट्ट्याला एक व उजव्याला एक. मोटरीसारखे रणगाड्याला सुकाणू नसते. एक पट्टा थांबवून दुसरा चालवला की तो वळतो. वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासतात. म्हणून दातांवरचा सर्वांत मोठा ताण चढणीवर नव्हे, तर वळणावर येतो. दिवाणखान्यातल्या जाड गालिचावर जागच्या जागी गरगर फिरवणे हे किल्ला चढण्यापेक्षा वाईट.

आता दातांचे गणित. समजा, मोटर मिनिटाला 15,000 फेरे घेते. दहा दातांच्या चाकाने चाळीस दातांचे चाक फिरवले, की वेग चौथाई होतो आणि जोर (घर्षणात जाईल तेवढा वगळून) चौपट. असे तीन टप्पे ठेवले की चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे 64. पट्टा ओढणारे चाक मग मिनिटाला 234 फेरे घेते. या चाकाचा व्यास पाच सेंटिमीटर धरला, तर रणगाडा ताशी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास चालेल. खऱ्या टायगरचा सडकेवरचा वेग ताशी 38 किलोमीटर. त्याचा सोळावा हिस्सा 2.4. हिशेब जुळला! पुष्कळ नमुने पेटीतून निघतात ते यापेक्षा बरेच वेगाने, कारण पोरांना धावणारे खेळणे आवडते. 57 टनांचे धूड झुरळासारखे पळू लागले की हौशी माणसाला ते बघवत नाही. गिअरबॉक्स बदलण्याचे हेही एक कारण आहे; ताकदीइतकेच चालीसाठी.

मोटरीजवळच्या पहिल्या टप्प्यात वेग जास्त, जोर कमी. शेवटच्या टप्प्यात वेग कमी, पण जोर 64 पटींच्या घरात, आणि तो सगळा एका वेळी एक-दोन दातांवर. नायलॉनचा दात हलक्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे टिकतो, आवाजही करत नाही. मी मात्र त्याच्यावर किलोभराच्या घरातले लोखंडी ओझे चढवले, आणि वर किल्ल्याच्या मातीची वाळू त्या उघड्या दातांत गेली. पेटी उघडली तेव्हा शेवटच्या चाकाचे तीन दात मुळापासून गेलेले आणि ग्रीसचा तपकिरी चिखल झालेला.

माझ्या मनाला थोडे समाधान एवढेच, की हीच चूक माझ्यापेक्षा शहाण्या लोकांनी केलेली आहे. जर्मनीचा 'पँथर' रणगाडा आखताना तीस-पस्तीस टनांचा धरला होता. चिलखत जाड होत गेले आणि तो निघाला 45 टनांचा. पट्टा ओढणाऱ्या चाकाला जोडलेली अखेरची दातेरी जोडी मात्र त्या बेताने वाढली नाही. अधिक मजबूत रचना कागदावर होती. ती चाके कापणारी यंत्रे आणि तशा प्रतीचे पोलाद युद्धाच्या ओढाताणीत पुरेसे नव्हते. म्हणून साधे सरळ दात बसवले. जुलै 1943 मध्ये कुर्स्कच्या लढाईत पँथर प्रथम उतरला, तेव्हा कित्येक रणगाडे शत्रूच्या गोळ्याविनाच वाटेत बसले. मोडका रणगाडा ओढून नेता आला नाही तर स्वतःच्याच हाताने उडवून द्यावा लागतो, आणि आतली पाच माणसे उघड्या रानात पायी उरतात. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने हाती लागलेले पँथर वापरले. त्यांच्या 1947 च्या अहवालात या जोडीचे सरासरी आयुष्य दिले आहे: 150 किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघालेला पँथर पुण्याला पोचेपर्यंत दात सांभाळील. परतीचा भरवसा नाही.

अमेरिकन 'शर्मन'मध्ये त्याच जागी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे तिरपे दात होते. असे दात एकदम आदळत नाहीत, हळूहळू एकमेकांत शिरतात, आणि ओझे एकाच वेळी अनेक दातांत वाटले जाते. ते कापायला अवघड, पण टिकाऊ. आंद्रे सित्रोएन मोटारी काढण्याआधी असलीच चाके बनवीत असे. सित्रोएन मोटारीवरच्या खुणेतले दोन बाण हे त्या दातांचेच चित्र आहे.

गंमत अशी, की खेळण्यांच्या जगात याच पँथरने राज्य केले. तामियाने 1961-62 च्या सुमारास मोटरीवर चालणारा प्लॅस्टिकचा पँथर काढला. आत दोन सेल बसले पाहिजेत, म्हणून त्याचे अंग तेवढे ठेवले. मागाहून मोजले तर ते खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे भरले. त्या दोन सेलांच्या जागेने ठरवलेले हे माप पुढे जगभर रणगाड्यांच्या नमुन्यांचे रूढ माप झाले!

असो. भाऊबीजेला मामा आला. त्याने पट्टे हातात घेऊन तोलले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पट्टे बदललेत, मग गिअरबॉक्स नाही बदललात?" मी चहाच्या कपात तोंड घातले. पोलादी चाकांची जोडी त्याने मागवली आणि ती बसवण्याचे काम शिक्षा म्हणून माझ्याकडे आले.

ते करताना कळले ते सांगतो. गिअरबॉक्स नेहमी जोडीने बदलावा. एक नवा, एक जुना ठेवला तर रणगाडा सरळ जात नाही, दारू प्यायल्यासारखा एका अंगाला ओढतो. मागवण्यापूर्वी आसाची लांबी आणि स्क्रूंच्या भोकांतले अंतर पट्टीने मोजावे, कारण एकाच नावाच्या नमुन्यांत दोन लांबीचे आस निघतात. चाके पोलादी आहेत की नुसत्या ओतीव जस्ती धातूची, हे पाहावे. दुसरी दिसायला चकचकीत, पण त्यांचे दात ठिसूळ. आस बेअरिंगांवर फिरत असेल तर उत्तम, नाहीतर पितळी बुश तरी हवाच. मोटर कसताना तिच्या टोकावरचे छोटे चाक आणि मोठे चाक यांच्यामध्ये वर्तमानपत्राची चिंधोटी धरावी, स्क्रू आवळावे, मग कागद ओढून काढावा. तेवढी फट दातांना श्वास घ्यायला पुरते. दात फार घट्ट बसले तर मोटर तापते, फार सैल बसले तर पुन्हा खर्रर्र. मग थोडे ग्रीस लावून, पट्टे न चढवता, दहा-पंधरा मिनिटे सावकाश पुढे-मागे फिरवावा.

एवढे केले आणि वाटले, झाले. कसले झाले! दुसऱ्याच दिवशी गिअरबॉक्स शाबूत, पण तो ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर कसला होता त्यांतली एक तडकली. पूर्वी ताण आला की दात तुटत. आता दात तुटेनात, तेव्हा ताण पुढच्या कमजोर जागी गेला. खुंटीखाली पत्र्याची पट्टी देऊन आरपार बोल्ट घातले. मग लक्षात आले, की पट्ट्यात खडा अडकून मोटर जागीच थबकली, तर ती नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढणार आणि विजेची पाटी जळणार. नायलॉनचा तो दुबळा दात इतके दिवस फ्यूजचे काम करीत होता. म्हणून बॅटरीच्या तारेत खरोखरीचा फ्यूज बसवला. हलके पट्टे आणि गुळगुळीत फरशी असेल तर नायलॉनच ठेवावा, असे माझे आता स्पष्ट मत आहे. पोलादी दातांचा आवाज रात्री दोन घरांपलीकडे ऐकू जातो.

या सुट्टीत मुलाला घेऊन अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहिले. पूर्वीच्या अहमदनगरला 1994 साली ते सुरू झाले. तिथे 1965 आणि 1971 च्या युद्धांत आपण वापरलेला ब्रिटिश 'सेंच्युरियन' आहे, आणि पाकिस्तानकडून पाडाव केलेला अमेरिकन 'पॅटन'ही. मी त्याला सांगितले, की इस्रायलने आपल्या सेंच्युरियनमधले पेट्रोल इंजिन आणि हाताने बदलायचा गिअरबॉक्स काढून टाकला, आणि पॅटनच्याच घराण्यातले डिझेल इंजिन व आपोआप बदलणारा गिअरबॉक्स त्यात बसवला. असे रणगाडे 1970 पासून तिकडच्या सैन्यात आले. दोन हाडवैऱ्यांचे असे कलम!

मुलगा पॅटनच्या मागल्या अंगाला गेला, ओणवा झाला आणि पट्टा ओढणाऱ्या चाकाचे दात मोजू लागला. पहारेकऱ्याने हटकले तेव्हा म्हणाला, "एकच मिनिट हं, अर्धे झालेत."