पाणी पिवळं व्हायला हवं

भिवंडी तालुक्यात फिरताना एक दृश्य हमखास दिसतं. मुंबईला पाणी नेणाऱ्या, माणूस उभा मावेल एवढ्या जाड जलवाहिन्या शेतांच्या कडेने गेलेल्या असतात. पिसे इथे भातसा नदीचं पाणी उचललं जातं, पांजरापूरला ते शुद्ध होतं आणि मुंबईकडे निघून जातं. ही दोन्ही ठिकाणं याच तालुक्यातली. भिवंडी शहराला उल्हास नदीचं पाणी ‘स्टेम’कडून मिळतं, काही पाणी मुंबई महापालिकेकडून. पण तालुक्याच्या आतल्या बाजूच्या बऱ्याच गावपाड्यांवर चित्र वेगळं असतं. एक विहीर किंवा बोअर, त्यावर मोटर, उंचावर सिमेंटची टाकी आणि टाकीतून घरोघर गेलेले नळ. सगळी भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर.

या पाण्याबद्दल गावात विचारलं तर उत्तर बहुधा एकच मिळतं : ‘आमच्या बोअरचं पाणी एकदम गोड आहे, बिसलेरीसारखं.’ पाणी खरोखर नितळ असतं, चवीला चांगलं असतं. जमिनीतून गाळून आलेलं म्हणजे शुद्ध, हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि तो सगळाच चुकीचा नाही. वाळू आणि मातीच्या जाड थरांतून महिनोन्‌महिने झिरपत आलेलं पाणी बऱ्यापैकी जंतुमुक्त होतं. प्रश्न असा, की भिवंडीच्या पायाखाली असे थर आहेत का?

इथे आहे बसाल्ट. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली असलेला हा काळा कातळ लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. वर थोडी माती, खाली झिजून भुसभुशीत झालेला मुरूम आणि त्याखाली भेगा पडलेला कठीण खडक. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. मुरमाचा थर जाड असेल तर गाळणी होते. पण पाणी एकदा भेगेत शिरलं की ते गाळलं जात नाही, वाहतं. जवळच्या शौचालयाच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्याच भेगेत उतरलं, तर मधल्या अंतराचा फारसा उपयोग नसतो. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान पंधरा मीटर अंतर ठेवा, असं सांगितलं जातं. मातीसाठी ते ठीक आहे. फुटलेल्या कातळासाठी ते फार तर मनाचं समाधान.

त्यात भिवंडीची आपली म्हणून काही दुखणी आहेत. यंत्रमागांच्या जोडीने आलेले सायझिंग आणि डाइंगचे कारखाने, महामार्गालगत उभी राहिलेली गोदामांची नगरी, तिथल्या कामगारांच्या दाटीवाटीच्या चाळी. भूमिगत गटार जिथे पोचलेलं नाही, तिथे प्रत्येक चाळीचं सांडपाणी शेवटी सेप्टिक टँक नाहीतर उघडं गटार यांतच जातं. कपडा रंगवताना मीठ मोठ्या प्रमाणात वापरलं जातं. ते सांडपाण्यातून जमिनीत उतरलं की पाण्यातले क्षार वाढतात. उल्हास नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खाडीचं खारं पाणी भूजलात घुसण्याचा धोका वेगळाच.

इथे टीडीएसबद्दल बोलायलाच हवं. दोन-तीनशे रुपयांत मिळणारं ते पेनासारखं यंत्र आता गावागावांत पोचलं आहे, आणि आरओ विकणारा प्रत्येक माणूस ते खिशातून काढतो. पाण्यात बुडवलं की आकडा दिसतो. आकडा मोठा असला की गिऱ्हाईक घाबरतं आणि लहान असला की निश्चिंत होतं. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या असू शकतात. हे यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, एवढंच. भारतीय मानकानुसार टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतो. म्हणजे ७०० टीडीएसचं पाणी चहाच्या भांड्यात पांढरा थर धरेल, डाळ शिजायला वेळ लावेल, पण त्यानं कुणी दवाखान्यात जाणार नाही. उलट १२० टीडीएसच्या गोड पाण्यात कॉलराचे जंतू असतील, तर यंत्राला त्याचा पत्ताही लागणार नाही. जंतू वीज वाहून नेत नाहीत.

मानकातली जंतूंबद्दलची अट मात्र फार कडक आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. हा जिवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत, तरी तो शोधला जातो; कारण तो पाण्यात आहे याचा अर्थ विष्ठा पाण्यापर्यंत पोचली आहे. आणि तिच्याबरोबर विषमज्वर, कॉलरा, हगवण, कावीळ यांपैकी काहीही येऊ शकतं.

काविळीचा उल्लेख मुद्दाम केला. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेला पूर आला आणि शहराचं सांडपाणी पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत मागे वळलं. पाण्याला वास येऊ लागला तसा तिथल्या अभियंत्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर आणि हगवणीची मोठी साथ टळली, पण काही आठवड्यांनी काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण आढळले. ही नेहमीची ‘ए’ प्रकारची कावीळ नव्हती, हे कळायला १९८० उजाडलं. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने तेव्हा तपासले गेले. आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. धडधाकट माणूस त्यातून बहुतेक वेळा बरा होतो. गरोदर बाईला मात्र शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला, तर शंभरांतल्या वीस-पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या टाकीत कुणी काय टाकलं, हा प्रश्न म्हणूनच ग्रामपंचायतीच्या कागदापुरता नाही. ज्या घरात सातव्या महिन्याची सून आहे, त्या घराचा तो प्रश्न आहे.

तर टाकीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला पाच ग्रॅम ही मात्रा गावोगावच्या जलसुरक्षकांना पाठ असते. माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं माप धरलं, तर नऊशे वस्तीच्या गावाला दिवसाला साधारण ५०,००० लिटर पाणी लागतं. त्याला पावडर लागते २५० ग्रॅम. पावशेर! एवढ्याशा पावडरीवर सगळं अवलंबून असतं, आणि इथेच गाडी अडते.

ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पण ती हवेला, दमटपणाला आणि उन्हाला फार हळवी आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत, ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं राहिलेल्या गोणीतला क्लोरीन काही आठवड्यांत निम्म्यावर येऊ शकतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये असा नियम आहे, पण गोणीकडे पाहून ते कळत नाही. जलसुरक्षक प्रामाणिकपणे पावशेर मोजतो, आणि पाण्यात पडतो त्याच्या निम्माच क्लोरीन. शिवाय कोरडी पावडर तशीच टाकीत फेकली, तर चुना तळाशी बसतो आणि क्लोरीन नीट मिसळत नाही. ती आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतायचं आणि निदान अर्धा तास नळ सोडायचा नाही. हा अर्धा तास सगळ्यात जास्त चुकतो, कारण सकाळी सहाला वीज येते आणि साडेसहाला गाव नळावर उभं असतं.

भिवंडी तालुक्यातल्या एका गावात मला क्लोरीनची नोंदवही पाहायला मिळाली होती. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, रोजचा आकडा ०.२. महिनाभर ०.२. मधे तीन दिवस गावात वीज नव्हती, मोटर चालली नव्हती, टाकी कोरडी होती; त्या तीन दिवसांतही ०.२. वही लिहिणारा माणूस लबाड नव्हता. तपासणीचं औषध संपलं होतं, मागणी केली होती आणि वही तर भरायची होती. ‘लोकांना वासच आवडत नाही हो’, असंही तो म्हणाला. बायका टाकीखाली येऊन भांडतात, म्हणून तो पावडर जरा हात राखूनच टाकायचा.

हे ऐकताना मला कॅनडातलं वॉकर्टन आठवत होतं. ओंटारियो प्रांतातलं हे पाचेक हजार वस्तीचं गाव विहिरींच्या पाण्यावर चालायचं. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातलं शेणखत भेगाळलेल्या खडकातून एका उथळ विहिरीत उतरलं. शेतकऱ्याची काही चूक नव्हती, असं पुढे चौकशीत निघालं. गावाचं पाणी सांभाळणारे दोघे भाऊ क्लोरीन कमी टाकायचे आणि न मोजताच वहीत रोज ०.५ किंवा ०.७५ लिहायचे. त्यांचा वाईट हेतू नव्हता. आपल्या विहिरीचं पाणी शुद्धच आहे असं त्यांना मनापासून वाटे, आणि ते स्वतः क्लोरीन न घातलेलं पाणी पीत. गावकरीही वासाच्या तक्रारी करत. प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचं कळवलं, पण ते आरोग्य खात्यापर्यंत पोचलंच नाही. ई. कोलायच्या एका विषारी प्रकाराने सुमारे २,३०० माणसं आजारी पडली, सात दगावली. वहीतले आकडे मात्र तोपर्यंत व्यवस्थित होते.

आपल्याकडे कागदावरची व्यवस्था वाईट नाही, हे इथे सांगायला हवं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे हे ग्रामसभेत विचारता येतं. फार थोडे लोक विचारतात. प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवून तपासणी संच द्यायचा, असंही जलजीवन मिशनमध्ये ठरलेलं आहे. त्या संचातली काळी पडणारी बाटली मला फार आवडते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेत ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शंका. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. काळा रंग पाहिल्यावर कुणाला आकडा समजावून सांगावा लागत नाही.

पण काळी बाटली उद्या-परवा बोलते, तोवर पाणी पिऊन झालेलं असतं. जिल्हा प्रयोगशाळेचंही तेच. त्यात नमुना कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या बाटलीत भरून नेला, तर अहवाल बाटलीचा येतो, विहिरीचा नाही. आजच्या पाण्याचं आजच उत्तर देणारी चाचणी एकच, ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल, तर वाटेत थोडीफार घाण मिसळली तरी तिचा समाचार घ्यायला काहीतरी उरलेलं आहे. आणि ती मिसळतेच. दिवसातून तासभर पाणी आणि उरलेले तेवीस तास रिकामे पाइप, अशी आपली रीत. रिकाम्या पाइपात हवा ओढली जाते आणि सांधा गटारातून गेला असेल, तर गटाराचं पाणीही. वर कुणी नळाला थेट मोटर लावली, की ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावर पहिली दोन-चार मिनिटं येणारं पाणी भांड्यांना, धुण्याला वापरावं, हंड्यात भरू नये. आणि ओटी टेस्ट टाकीजवळच्या पहिल्या घरात करून भागत नाही. ती शेवटच्या घरात करावी लागते.

घरात काय करायचं? पाणी खळखळून उकळल्यावर मिनिटभर उकळू द्यावं. जंतूंवर याहून खात्रीचा घरगुती उपाय नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्याने गाळण्याचं म्हणाल तर त्याची एक गंमत आहे. बांगलादेशात जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळल्यावर कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचं २००३ मध्ये दिसून आलं. पण ते तळ्या-नद्यांचं पाणी होतं. तिथे कॉलराचे जंतू बारीक पाणकिड्यांना चिकटून असतात आणि किडे साडीत अडकतात. बोअरच्या पाण्यात किडे नसतात, जंतू सुटे असतात. ते साडीतून खुशाल आरपार जातात, मग साडी भिवंडीच्या मागावरची का असेना.

एका बाबतीत मात्र उकळणंही उपयोगाचं नाही. सांडपाणी किंवा खतं भूजलात उतरली की नायट्रेट वाढतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाटलीचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं. अशा ठिकाणी आरओ उपयोगी आहे, किंवा दुसरी विहीर. त्यासाठी आधी पाण्याची रासायनिक तपासणी झालेली हवी आणि तिचा कागद ग्रामपंचायतीत पाहायला मिळायला हवा.

त्या निळ्या शाईच्या वहीच्या गावात पुढच्या खेपेस गेलो, तेव्हा औषधाची बाटली आली होती. टाकीपासून सगळ्यात लांबच्या घरी, अंगणवाडीच्या मागे, आम्ही नळ सोडला, थोडं पाणी वाहू दिलं आणि नळीत पाच थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. घरची म्हातारी म्हणाली, ‘बघा, किती स्वच्छ आहे!’ जलसुरक्षकाने माझ्याकडे पाहिलं, वही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात पहिल्यांदा शून्य लिहिलं. मग गोणीचं तोंड बांधायला सुतळी शोधत तो टाकीकडे गेला.