गाडी थांबवितें कोण?

मावळांतील उर्से येथें मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर पथकराचा नाका आहे. भरधाव आलेल्या मोटारी तेथें एकामागून एक उभ्या राहतात. चालकानें ब्रेक दाबला व गाडी थांबली, यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ब्रेक केवळ चाकाचें फिरणें रोखतो. गाडीस मागें धरून ठेवतो तो रस्ता, आणि तेंही टायर व काँक्रीट यांमधील घर्षणाच्या जोरावर.

या घर्षणाचे दोन नियम फ्रान्समधील आमाँताँ यानें 1699 सालीं मांडले. भार दुप्पट झाला, कीं घर्षणही दुप्पट होतें, हा पहिला. दुसऱ्यावर मात्र सहसा विश्वास बसत नाहीं: टेकलेल्या पृष्ठभागाच्या विस्तारावर घर्षण अवलंबून नसतें. घरीं एक वीट फळीवरून दोरीनें ओढून पाहावी. प्रथम आडवी, मग कडेवर उभी. जोर जवळजवळ तितकाच लागतो. कारण असें, कीं गुळगुळीत भासणाऱ्या वस्तूवरही सूक्ष्म उंचवटे असतात आणि खरा स्पर्श त्यांच्या टोकांशींच होतो. उभ्या विटेखालीं टोकें थोडीं, पण प्रत्येकावर दाब अधिक. तीं अधिक चेपतात आणि खऱ्या स्पर्शाची जागा एकंदरींत तेवढीच भरते. हा उलगडा व्हावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

रबर हे नियम काटेकोर पाळीत नाहीं. तरी अंदाजास ते पुरतात. कोरड्या काँक्रीटवर टायरचें घर्षण भाराच्या सुमारें 0.7 पट, ओल्यावर सुमारें 0.4 पट धरतात. म्हणजे ताशीं 100 किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारें 56 मीटरांत थांबेल, पावसांत तिला जवळजवळ 100 मीटर लागतील. मावळचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या फरकाचें महत्त्व सांगावयास नको.

उर्से येथून मुंबईकडे निघालेल्या वाहनास लोणावळ्यापुढें बोरघाट उतरावा लागतो. याच घाटांतून 1863 सालीं आगगाडी सुरू झाली. तिचा चढ कांहीं ठिकाणीं 37 फुटांस 1 फूट आहे. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड मुळांतच कमी. सपाटीवर रेल्वे स्वस्त पडते ती कांहीं अंशीं पोलादी चाक व रूळ फारसे चेपत नाहींत म्हणून, पण पकड कमी असल्यानें घाटांत चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. म्हणून रुळांवर वाळू सोडतात, आणि कर्जतहून वर येतांना मागून जादा इंजिनें लावतात.

उतारावर प्रश्न उष्णतेचा. वीस टन वजनाचा ट्रक 500 मीटर खालीं येतो, तेव्हां सुमारें 330 लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. गाडी खालच्या गिअरमध्यें असेल, तर तिचा मोठा वांटा इंजिन उचलतें. चार पैशांचें डिझेल वाचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारा चालक तो सगळा भार ब्रेकवर टाकतो. लायनर फार तापले, कीं त्यांचें घर्षण घटतें. मग पाय कितीही रेटला तरी गाडी आवरत नाहीं.